गिरजामायचा पहिला हात

४ एप्रिल १९६२
शाळेत महिला मंडळाची बैठक. विषय मीच काढला. घरात म्हाताऱ्या माणसाचे हाल होत असतील तर सांगायचं कुठे? आधी पोलीस पाटील. त्यानं ऐकलं नाही तर अंजनगावची पोलीस चौकी. अन्नवस्त्र तोडलं असेल तर कोर्ट, कारण नव्या कायद्यानं आईबापाला पोसणं मुलावर बंधनकारक. बायका छताकडे बघत बसल्या. शेवटी कौसाबाई म्हणाली, "बाई, पोटच्या पोराची फिर्याद कोनी करते काय?"
डोकं फिरलं. ग्रामसेविकेनं चिडायचं नसतं म्हणे.

७ एप्रिल
नामदेवची आई गिरजामाय बैठकीला नव्हती, विहिरीवरही दिसत नाही. नामदेव म्हणतो, "बुढी अकोल्याले गेली, पोरीकडे." मग तिचं लुगडं दोरीवर कसं? विचारलं तर अंगावरच आला. "तुमाले काय करा लागते?"
जेवण गेलं नाही.

११ एप्रिल
शेवयांची पाळी आज नामदेवच्या अंगणात. गल्लीतल्या सगळ्या बायका, मीही. इथली रीत अशी की पहिली शेवई त्या घरच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं वळायची, मग बाकीच्यांनी पाटाला हात लावायचा. नामदेवच्या हे ध्यानातच नव्हतं. बायकांच्या कामाकडे पाहिलंय कधी त्यानं!
कौसाबाई : "बुढी कोठी हाय?"
सून शांता : "अकोल्याले."
"तं पहिला हात कोन लावीन?"
कुणी हलेना. पीठ वाळून चाललं. शांता एकदम रडायला लागली, उठली आणि तिनंच गोठ्याची कडी काढली.
गिरजामाय भिंत धरत आली. मनगट काळंनिळं. हात धुतले, पाटाशी बसली, शेवई वळली. मान खालीच ठेवून म्हणाली, "नामदेव मारते मले. कोंडून ठेवते."
भर अंगणात.

१२ एप्रिल
पो. पाटील म्हणतो, "घरचा मामला हाय. घरातच मिटवा." नामदेवचा चुलतभाऊ तो, दुसरं काय म्हणणार! पण कौसाबाई अशी भडकली... "मंग आमी अंजनगावले जातो." बैठकीत हीच काय म्हणाली होती, ते मुद्दाम काढलं नाही.
गिरजामाय, कौसाबाई आणि मी, तिघी बैलगाडीनं गेलो. फौजदारानं आधी टाळाटाळ केली, मग लिहून घेतलं. मनगट डॉक्टरला दाखवायला लावलं. सोमवारी चौकशीला येतो म्हणाला.

१४ एप्रिल
गिरजामाय कौसाबाईकडेच. दोन्ही वेळ जेवते, शांता चोरून भेटून गेली. बरं वाटलं.
संध्याकाळी नामदेव दारात. "माय, घरी चाल. लोक हासून राहिले."
तिनं त्याला बस म्हटलं नाही. "सोमवारी ये. फौजदारासमोर बोल काय बोलाचं ते."
तो गेल्यावर मला म्हणाली, "त्याले कोंडतीन काय, बाई?"
खरं तेच सांगितलं. माहीत नाही.
डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, झालं, आता फिर्याद मागे घेणार. मग कौसाबाईला म्हणाली, "सोमवारी लवकर उठव मले. डोकं धुतो, धड लुगडं नेसतो, मंग सांगतो."