पूजेला कुठला सिनेमा?

जोगेश्वरी,
२४ जानेवारी १९८४

चि. जयवंत यास वनूताईचा आशीर्वाद.

वाडीच्या पूजेला व्हिडिओवर कुठला सिनेमा लावायचा, असं तू विचारलंस आणि माझा गोंधळच उडाला. रविवारी चाळीने व्हिडिओ भाड्याने आणून आमच्या खोलीत लावला. तीन सिनेमे झाले, पण मी निम्मा वेळ सगळ्यांच्या चहापाशी. त्यामुळे कुठला इन्स्पेक्टर कुठल्या आईचा हरवलेला मुलगा, ते विचारू नको रे!

मारामारीचा पोरांना आवडेल. देवीचा आईला आवडेल. तिचा गुडघा कसा आहे?

तिसरा हसण्याचा. त्यात भोंगा वाजतो आणि हिरो पायजम्यातच कारखान्याकडे धावत सुटतो. सगळे पोट धरून हसले. तुझे भावजी तेवढे रडत होते. गिरणी बंद पडल्यापासून घरीच आहेत, पण रडताना कधी पाहिलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "काय धमाल सिनेमा आहे ना!" तब्येत ठणठणीत आहे त्यांची. आईला काही बोलू नको.

तर देवीचाच आण. नाहीतर असं कर, हसण्याचाच लाव, आणि तिथे कोणी रडतं का, तेवढं मला कळव.

तुझी,
वनूताई