करडी न पडलेली रेघ

९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? जिना चढताना तू तिच्यापुढे धावत सुटतोस अशी तक्रार आली आहे. जरा दमाने घे. फोनवर तू "बरंय, ठेवतो" यापलीकडे बोलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. मला तुझी एक परवानगी हवी आहे. आधी हकिकत ऐक, मग काय रागवायचं ते रागव.

आमचं काम तुला ठाऊक आहेच, 'पदवी घेऊन चिखल उपसणं'. ओहोटीला खारफुटीत शिरायचं, पोकळ नळी गाळात खुपसायची आणि आतला चिखल न मोडता वर काढायचा. जितकं खोल, तितकं जुनं. या खेपेला होडी पलीकडच्या काठाला लागली. हो, लाकडाच्या जुन्या वखारीच्या बाजूला. मी टाळत होते, पण जागा आमच्या विभागप्रमुख मॅडमनी ठरवली.

प्रयोगशाळेत आणून नळी उभी चिरली. हा चिखल मुळात काळाच असतो, हवा लागली की करडा पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळा करडा, आणि मध्येच बोटभर रुंद रेघ तशीच काळीकुट्ट! "होडीचं तेल सांडलं असेल," मॅडम म्हणाल्या. मी त्यातला कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कोळसा होता. लाकडाचे तंतू, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, सगळं जसंच्या तसं, आणि भोवती काजळी. वय काढायला पाठवलं. ते आलं आपल्या वर्षाचं.

वखारीच्या आगीचं वर्ष. लिहिलं बाई एकदाचं.

दादा, त्या दिवशीचा धूर आपण वर जाताना पाहिला. मला आजवर वाटायचं, गेला तो. तो कुठे गेलाच नाही रे! खाडीवर उतरला, भरतीने झाडांपर्यंत नेला, मुळांनी अडवला, वर गाळाचं पांघरूण पडलं. तिथे हवा पोचत नाही, आणि काजळीला किडे-जंतूही सहसा तोंड लावत नाहीत. ही रेघ हजारो वर्षं तशीच राहू शकते. हे मी वर्गात कितीदा शिकवलंय, पण काल नुसती खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिले. मॅडम दोनदा हाक मारून गेल्या म्हणे.

तू म्हणशील, हिला आता चिखलात आई दिसायला लागली. तसं नाही. ही काजळी ओंडक्यांची, छपराची, की आत कामाला असलेल्या माणसांची, हे कुठलंही यंत्र सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. पण आई त्या आगीत होती. आणि आपल्याला तिचं काही म्हणजे काही मिळालं नाही, साधी चप्पलसुद्धा नाही. तू ढिगारा उपसत राहिलास, शेवटी लोकांनी ओढून नेलं. तेव्हापासून तू या खाडीकडे फिरकला नाहीस.

आता परवानगीचं. काजळी मोजायची तर त्या रेघेची चकती कापून भट्टीत घालावी लागते. मंद आचेवर पानं, मुळं सगळं जळून जातं, आधीच जळलेलं तेवढं मागे राहतं. मग आच वाढवून तेही जाळायचं, तेव्हा आकडा मिळतो. चकती मात्र संपते. नळी बारीक होती, त्यामुळे दुसरी नाही. मॅडमना सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, "भावाला विचार. तोवर मी हात लावत नाही."

तू नको म्हणालास, तर बरणीत भरून तुझ्या हातात देईन, कामाचं माझं मी निस्तरेन. हो म्हणालास, तर भट्टीचं बटण तू दाब. आगीनंतर तिच्यासाठी शेवटचं म्हणून आपल्याला काहीच करता आलं नव्हतं. मी शेजारी उभी असेन.

उत्तर लिहीत बसू नकोस. काय ते इथे येऊन सांग.

आईची आणि तुझी,
धाकटी