बोट एकदाच विकता येते

हेरन कोव्ह, मेन
२ एप्रिल १९९५

ती. एव्हिसआत्यास,
थिआचा सा. न. वि. वि.

कॉलेजने मला घेतलं, पण आर्थिक मदतीच्या पत्राने आनंद पार उतरवला. वर्षाचा खर्च एकोणीस हजार डॉलर आणि त्यात ‘कुटुंबाचा वाटा’ अकरा हजार दोनशे! बाबांना सार्डिन मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात वर्षाकाठी जेमतेम पंधरा हजार मिळतील. अर्जात गेल्या वर्षीची कमाई लिहायची होती, म्हणून मासेमारीची बोट विकून आलेले बेचाळीस हजारही लिहिले. ते बाबांच्या पाठीच्या शस्त्रक्रियेत संपले, पण ते लिहायला रकानाच नव्हता. कागदावर आम्ही श्रीमंत झालो.

तू तिकडच्या कॉलेजात सव्वीस वर्षं असेच अर्ज तपासतेस, म्हणून विचारते, काही करता येईल का? बाबा म्हणतात, परक्यांपुढे रडगाणं गायचं नाही. ‘बीजगणितापायी मी शाळा सोडली, तरी जगलोच ना,’ असंही वर ऐकवतात. आई असती तर तिने त्यांना वळवलं असतं. एक मेपर्यंत होकार कळवायचा आहे. नाहीतर त्यांच्या शेजारी मीही डबे भरेन.

शनिवारी बीन्स केले. आजीसारखे काही झाले नाहीत.

तुझ्या पत्राकडे डोळे लावलेली,
थिआ

---

डेटन, ओहायो
८ एप्रिल १९९५

चि. मर्ल यास,
एव्हिसताईचे आशीर्वाद.

थिआने सगळं कळवलं. कॉलेजने सांगितलेला तो वाटा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. कॉलेजच्या मदत कचेरीला पत्र लिही: बोट एकदाच विकता येते, पुढच्या वर्षी विकायला दुसरी नाही. इस्पितळाची बिलं आणि कारखान्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या जोड. अशी पत्रं माझ्या टेबलावर रोज येतात. मी त्यांना रडगाणं म्हणत नाही, राहिलेली माहिती म्हणते.

दादांनी मुलाचं सोडून लेकीचं, माझं, नाव बोटीला दिलं म्हणून तू आठवडाभर फुगला होतास, आठवतं? अठ्ठावन्न साली मला कॉलेजचं पत्र आलं, तेव्हा आमच्या घरचा वाटा होता चारशे डॉलर. ते जमवायला दादांनी पगारी मदतनीस काढला आणि सोळाव्या वर्षी शाळा सोडून तू बोटीवर चढलास. वसतिगृहात माझ्या स्वेटरला हेरिंग माशांचा वास यायचा, खोलीतली मैत्रीण खिडकी उघडायची. तो वास तुझ्या कष्टांचा होता, हे मी कोणत्याच अर्जात लिहिलं नाही. तुला बीजगणित मी शिकवलंय, ते तुला छान यायचं. मला ते कारण सांगू नकोस.

पाठीला जप. तुझ्यावर आहे तेवढीच माया थिआवर असलेली,
एव्हिसताई

---

हेरन कोव्ह
२७ एप्रिल १९९५

ती. ताईस,
मर्लचा नमस्कार.

पत्र लिहिलं. चार ओळींना तीन संध्याकाळी लागल्या. काल उत्तर आलं: आमचा वाटा आता एकोणीसशे. थिआने लगेच होकार टाकला आणि पोस्टातून येताना शेजारच्या म्हाताऱ्या ओर्विलला मिठी मारली. तो बिचारा अजून घाबरलेला आहे.

बोट देताना मी नावाची पाटी काढून ठेवली होती, ती स्वयंपाकघरात लावली आहे. येशील तेव्हा बघ, तुझं नाव बरंच खरवडलं गेलंय.

माझ्या शाळेबद्दल तू लिहिलेलं थिआला सांगू नकोस. मात्र त्या पत्रासोबत पगार आणि बिलांचा हिशेब मी मांडला होता, तो तिने दोनदा तपासला. एकही चूक सापडली नाही. मग कागद खाली ठेवून ती माझ्याकडे बघतच राहिली. बीजगणितापायी शाळा सोडल्याची गोष्ट आता फार दिवस टिकेल असं वाटत नाही.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा,
मर्ल