खोकल्याची जागा

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि., आणि त्यामागोमाग एक ढास, कारण हल्ली माझं कुठलंच वाक्य तिच्याशिवाय पुरं होत नाही.

सर्दी गेली. जाताना आपलं सामान मात्र छातीत ठेवून गेली. झोपेत कूस बदलली की आतून जुन्या दाराचा आवाज येतो आणि पलीकडचा घड्याळजी भिंत ठोकतो. पूर्वी तू वाफा नि गुळण्या सुचवायचीस तेव्हा मी हसायचो, हे माझ्या लक्षात आहे, तुझ्या तर असणारच. तरी निर्लज्जपणे विचारतो, घरच्या घरी करण्यासारखं काही असलं तर कळव.

तुला वाटेल, एवढं काय त्यात. पण माझं कामच मेलं असं. स्टेजच्या पुढच्या कडेला एक खड्डा, त्यावर लाकडी टोपण, आणि आत बसून मी नटांना विसरलेली वाक्यं कुजबुजत पुरवणार. अख्ख्या थिएटरात कुणी एकानं खोकायचं नसेल तर तो मी. प्रेक्षक निदान तिकीट काढून खोकतात.

नवं नाटक महिनाअखेरीला लागतंय. त्यातल्या मुख्य नटाला, म्हणजे आबांना, मी लागतोच. त्यांचं वय झालं, पाठांतर पूर्वीचं राहिलं नाही, पण हे त्यांना आणि मला सोडून कुणाला ठाऊक नाही. दिग्दर्शक नवा आहे, तरुण आहे, हुशारही आहे. त्याच्या लेखी मी म्हणजे खड्ड्यातला उंदीर. नटांच्या कानात घालायचं एक यंत्र आणावं आणि खड्ड्यावर फळ्या ठोकाव्यात असं त्याच्या मनात आहे. त्याला निमित्त हवं होतं, ते मी रोज खोकून पुरवतोय.

सध्या मंडळींच्या सल्ल्यानं उपचार चाललेत. रंगभूषाकार म्हणाला कच्चा लसूण खा, तो खाल्ला. वायरमन म्हणाला कांदा, तोही खाल्ला. मग दुसऱ्या अंकात नायिकेला वाक्य अडलं, ती ऐकायला खड्ड्यापाशी वाकली आणि तिला एकदम सगळं आठवलं. तेव्हापासून तिचं पाठांतर चोख आहे. गुण आला म्हणायचा, पण तिला.

कळावे. लोभ आहेच, तो लसणाच्या वासासकट चालू ठेवावा.

तुझा,
घुम्या


दि. १० जानेवारी

चि. घुम्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू गेलं. सर्दीनंतर छाती भरून राहते काही दिवस, त्यात विशेष नाही, पण तू म्हणजे असेल त्याच्या निम्मंच सांगणारा.

आता नीट वाच. दिवसभर कोमट पाण्याचे घोट घेत राहायचं, म्हणजे कफ पातळ होतो. सकाळ-संध्याकाळ भांड्यात गरम पाणी घेऊन टेबलापाशी बसायचं, डोक्यावरून टॉवेल घ्यायचा आणि सावकाश वाफ ओढायची. पाणी उतरवून जरा थांब, तुझी घाई मला माहीत आहे, तोंड भाजून घेशील. मग कोमट पाण्यात मध नि लिंबू. घशासाठी मिठाच्या गुळण्या. चहात आलं किसून घाल. झोपताना उशाला एक उशी जास्त घे. आणि तो लसूण बंद कर, लोकांना तुझ्याबरोबर काम करायचंय. ताप आला, दम लागला, छातीत दुखलं तर माझ्या पत्राची वाट न बघता डॉक्टरकडे जायचं.

तुझा खोकला म्हटलं की मला गणिताच्या परीक्षेच्या सकाळी आठवतात. अंथरुणातून दोन आखूड, एक लांब, आणि लांबाच्या टोकाला तो बिचारा सुस्कारा. आई धावत यायची आणि आणखी एक पांघरूण घालायची. पुढे शाळेत शिकवायला लागले तेव्हा पोरांचे असले खोकले मी फळ्याकडे तोंड करून ओळखायची, ती सगळी तुझीच शिकवण. या खेपेचा खरा आहे असं धरून चालते.

नाटकाला ये, नाटकाला ये, असं दर वेळी लिहितोस. येऊन बघू काय, टोपण? तू तर कुठून दिसत नाहीस. त्यापेक्षा घरी बसून तुझी पत्रं वाचलेली बरी, त्यात तरी तू असतोस.

बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जप, म्हणजे लोभ आपोआप वाढेल.

तुझी,
ताई


दि. १५ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केला, वाळू अजून केसांतून पडते आहे.

वाळू कुठली ते सांगतो. सकाळ-संध्याकाळ वाफ घे असं तू लिहिलंस. पण माझी सकाळही तालमीत जाते आणि संध्याकाळही. म्हटलं, खड्ड्यासारखी वाफ घ्यायची जागा नाही, वर टोपण, चहूबाजूंनी लाकूड, वारा म्हणून नाही. चहाची विजेची किटली खाली घेऊन गेलो. आबा स्टेजवर असेपर्यंत दम धरला, ते विंगेत गेल्यावर टॉवेल घेतला आणि ओढायला लागलो. ताई, काय सांगू, छाती अशी मोकळी झाली की मी डोळेच मिटले.

वर नायिकेचा मरणाचा प्रसंग चालू होता. तिच्या पलंगाभोवती धूर दाटला. तिला वाटलं दिग्दर्शकानं काहीतरी नवीन योजलंय, ती आणखी मनापासून मरायला लागली. तेवढ्यात वायरमनला टोपणाखालून लोट येताना दिसला आणि तो वाळूची बादली घेऊन धावला. डोक्यावर वाळू पडल्यावर मला कळलं की आग लागली म्हणतात ती मीच.

दिग्दर्शक ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला, माझ्या टॉवेलकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला की पहिल्या प्रयोगाला खड्ड्यातून एक जरी खोकला आला तर दुसऱ्या दिवशी सुतार येईल. सगळ्यांसमोर म्हणाला. मी मान डोलावली आणि त्याच दमात खोकलो.

सगळ्यात वाईट तिसरा अंक. आबांचं एक लांबलचक भाषण आहे, सगळं हळू आवाजात. तेवढा वेळ मी दाबून धरतो, कानशिलं तापतात. मग ते पाठ फिरवून मागच्या खिडकीपाशी जातात, थोडं थांबतात, तेवढ्यात मी साठवलेला सगळा खोकून घेतो. रोज त्याच जागी. आबा मोठ्या मनाचे. कधी कपाळाला आठी नाही. माझा खोकला संपला की वळतात आणि पुढचं वाक्य म्हणतात.

हा खड्डा गेला तर मी कुठे जाऊ? दुसरं मला काही येत नाही. दुसऱ्यांची वाक्यं हळू आवाजात म्हणणारा माणूस बाहेर कुणाला हवाय?

कळावे. थट्टा कमी करून लोभ तेवढाच ठेवावास.

तुझा,
घुम्या


दि. १९ जानेवारी

चि. घुम्यास,

अ. उ. आ. आज तेवढेच पुरे, कारण राग आहे.

मी टेबलापाशी बस म्हणून लिहिलं होतं. विजेची किटली घेऊन लाकडी खड्ड्यात उतर असं कुठे लिहिलं होतं? खरोखरच काही पेटलं असतं म्हणजे?

बाबाही काही नाही, काही नाही, म्हणतच खोकायचे. आपण त्यांच्या नकला करून हसायचो, आठवतं ना. मला अजून त्या हसण्याची लाज वाटते आणि भीतीही वाटते. तू विनोद करून लिहितोस तेव्हा मला हसताही येत नाही. तेव्हा हे पत्र मिळाल्याबरोबर डॉक्टरकडे जा आणि छाती तपासून घे. गेलास की नाही ते कळव. माझ्यासाठी म्हणून जा.

आणखी एक. त्या खड्ड्यात शेवटचा झाडू कधी फिरला होता? घरी खोकला कमी आणि तिथे जास्त, असं तुझ्याच पत्रांवरून दिसतंय. वाफा घेऊन घेऊन धुळीत जाऊन बसायचं, मग कफ कसा हटेल? ओल्या फडक्यानं पुसून काढ, तोंडाला रुमाल बांधून.

कामाची काळजी मलाही आहे. पण आधी तू.

ताई


दि. २८ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि., एका दमात, मध्ये कुठेही न थांबता.

डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पाठीला, छातीला नळी लावली, श्वास घ्या, सोडा, झालं. छाती साफ आहे, सर्दीचा उरलेला कफ आहे आणि जातोय, म्हणाले. किटलीची हकिकत सांगितल्यावर त्यांनाच ठसका लागला.

खड्डा पुसला. मी तिथे इतकी वर्षं काढली आणि खाली मूळचा गालिचा हिरवा आहे हे मला परवा कळलं. तो बाहेर नेऊन झटकला तर चौकीदार घरात पळाला. आत एक खोटी मिशी, तीन कंगवे आणि माझाच हरवलेला चश्मा सापडला, जो चोरल्याचा आळ मी मनातल्या मनात वायरमनवर घेतला होता.

वाफ आता शहाण्यासारखी घरी टेबलापाशी घेतो, कोमट पाणी, मध, जास्तीची उशी, सगळं चाललंय. आणि ताई, कालपासून खोकला गेला. कालची तालीम फक्त दिव्यांची होती, तिला मला बरं नाही असं सांगून मुद्दाम घरी राहिलो, म्हणजे शेवटच्या घटकेला दगाफटका नको. घड्याळजीनं सकाळी दार वाजवून मी जिवंत आहे ना याची चौकशी केली.

आज-उद्या तालीम नाही, परवा थेट प्रयोग. तू येणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी तिकीट सोबत ठेवलंय. मागची रांग आहे, राग मानू नकोस, माझ्या पगाराला एवढंच दिसतं.

कळावे. लोभ आहे म्हणूनच छाती मोकळी झाली, असं मी सगळ्यांना सांगतो.

तुझा,
घुम्या


दि. ३१ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

काल खोकलो. भर प्रयोगात, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आणि लिहायला हात धजत नाही, पण छातीत कफाचा टिपूससुद्धा नव्हता.

दोन अंक छान गेले. मी मोरासारखा खड्ड्यात बसलो होतो. तिसऱ्या अंकात आबांचं भाषण झालं, ते पाठ फिरवून खिडकीपाशी गेले आणि थांबले. थांबलेच. मी वाक्य दिलं. ते लांब उभे, पाठ माझ्याकडे, कानही आता तेवढे तिखट नाहीत. पुन्हा दिलं. ते खिडकीच्या कडीशी चाळा करायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्या तालमींत त्या जागी मी खोकलो होतो. आबांनी पाठ केलं होतं ते माझ्या खोकल्यासकट, खोकला झाला की वळायचं. आणि मी मेला बरा होऊन बसलो होतो.

सुताराचा विचार आला, खोटं कशाला सांगू. मग खोकलो. आबा लगेच वळले, वाक्य म्हणाले आणि पुढचं सगळं धबधब्यासारखं आलं. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आज दुपारी दिग्दर्शकानं बोलावलंय. खोकला का आला ते त्याला सांगायचं तर आबांचं गुपित सांगावं लागेल. ते मी सांगणार नाही. चश्मा आणि कंगवे पिशवीत भरून ठेवलेत.

कळावे. लोभाची आज जरा जास्त गरज आहे.

तुझा,
घुम्या


दि. ३१ जानेवारी

चि. घुम्यास,

अ. उ. आ., आणि आज एक शाबासकीही.

मी काल आले होते. तिकीट वाया जाऊ नये म्हणून, दुसरं काही नाही. मागच्या रांगेत बसले, माझ्या खुर्चीमागे एक किडकिडीत तरुण उभा राहून नखं खात होता.

तो म्हातारा नट खिडकीपाशी अडला हे मला आधी कळलं नाही. मला वाटलं, असंच असेल. मग तुझा खोकला आला. दोन आखूड, एक लांब, आणि टोकाला सुस्कारा. मागचा पोरगा दातओठ खात सुताराबद्दल काहीतरी पुटपुटला. मी मागे वळून त्याला सांगितलं की बाबा रे, चिडू नकोस, हा खोकला खोटा आहे, मी याच्याबरोबर एका खोलीत वाढले. हा काहीतरी टाळायला किंवा कुणाला तरी वाचवायला खोकतोय. तोंडातून गेलं आणि त्याच वेळी तो म्हातारा वळला. मग त्या पोरानं एक नख खाल्लं नाही, नुसता बघत राहिला.

पडदा पडल्यावर तोच स्टेजवर जाऊन हात जोडून उभा राहिला तेव्हा मला समजलं मी कुणाला शिकवत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या बोलण्यानं त्या म्हाताऱ्याचं काही बिघडलं तर मला माफ कर.

तुला भेटायला मागच्या दाराशी आले होते. तुझे आबा तुझ्या खांद्यावर डोकं टेकून उभे होते, म्हणून मी परत फिरले. परीक्षा चुकवायला खोकायचास तेव्हा आई फसायची, मी नाही. काल पहिल्यांदा मला तो खोकला ऐकून रडू आलं.

तुझी,
ताई


दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना भेटली असतील.

दिग्दर्शकाकडे गेलो, तर त्याला आबांचं पहिल्यापासून ठाऊक होतं. ते यंत्र मला घालवायला नव्हतंच, आबांना सांभाळायला होतं. त्यांना एकदा गुपचूप घालूनही बघितलं, पण आबा त्या यंत्राला मोठ्यानं उत्तरं द्यायला लागले. माझा त्यानं चांगला किंवा वाईट, फारसा विचारच केला नव्हता. हे ऐकून सुखावावं की दुखावावं, ते मी अजून ठरवतोय.

तुझ्या बोलण्यानं त्याला खोकल्याचा अर्थ लागला, म्हणून खड्डा राहतो आहे. खोकलाही राहतो आहे, त्याच जागी, दर प्रयोगाला, आखूड-लांबाचा क्रम न चुकता. दिग्दर्शकानं बजावलंय की तेवढा सोडून दुसरा येता कामा नये. म्हणून खरा येऊ नये यासाठी वाफ घेतो आणि खोटा चांगला यावा यासाठी तालीम करतो. घड्याळजी घर बदलायचं म्हणतो.

आबांना मी काही सांगितलं नाही. ते मात्र काल मला म्हणाले की तुझी छाती अजून मोकळी झालेली दिसत नाही, आणि मधाची बाटली हातात ठेवली.

दिग्दर्शकानं तुझ्यासाठी पुढच्या प्रयोगाचं तिकीट दिलंय, पहिल्या रांगेचं, अगदी खड्ड्यासमोर. तिथून टोपणाखालची फट दिसते. मी पान उलटताना बोटं जरा बाहेर काढीन. बघायला ये.

तुझा,
घुम्या