वसाहत कोणत्या बाजूला

४ मार्च, सोमवार
चूक माझीच. चहा घेता घेता ध्यानात आली आणि कप तसाच राहिला. मतदारसंघाची हद्द ‘नाल्याच्या मध्यातून’ असं साहेबांनी लिहून दिलं होतं. ऑफिसात नकाशे काढणारा मी; नाला जुन्या नकाशावरून गिरवला. आठ वर्षांपूर्वी तो वळवून पाइपात घातलाय – आता वसाहतीच्या पलीकडून जातो. म्हणजे वर्कशॉपची अख्खी वसाहत मी शेजारच्या मतदारसंघात ढकलली. मसुदा गेल्या आठवड्यातच हरकतींसाठी ऑफिसच्या भिंतीवर लागलाय. आणि वसाहत कोणाची, तर ताईची!

५ मार्च
ताईचा फोन. वसाहतीच्या दवाखान्यात ती बावीस वर्षं नर्स होती. तीनदा निवडणुकीला उभी राहिली, तीनदा पडली. “तुमच्या ऑफिसने माझी माणसंच कापली की रे. वसाहत नाही तर मी कोणाच्या जोरावर उभी राहू?” चूक माझी आहे हे सांगायला जीभ रेटेना.

६ मार्च
साहेबांना सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बहीण उभी राहते ना तुमची? मग स्वतःहून हात लावू नका. पंधरा तारखेपर्यंत कोणाची हरकत आली तर दुरुस्त करू. नाही आली तर राहू दे.”
ताई हरकतीचा अर्ज लिहितेच आहे. सुटलो म्हणायचं.

७ मार्च
सुटलो तर मग जेवण का जात नाही?

९ मार्च, शनिवार
जुन्या फायली काढून बसलो. या मतदारसंघाची ही चौथी हद्द. पहिली नदीपर्यंत होती. दुसरीने बाजार मधोमध कापला – भाजीवाले एका आमदाराचे, गिऱ्हाईकं दुसऱ्याची. तिसरीत वसाहत आली.
मग केंद्रवार निकाल पाहिले. कशाला पाहिले! वसाहतीचं मतदान शाळेच्या एकाच खोलीत होतं. ताईला तिथे मिळालेली मतं: एकतीस, अठ्ठावीस, एकोणीस. गेल्या वेळी ती दोनशे बारा मतांनी पडली. समोरच्याला वसाहतीने पाचशे चाळीस दिली होती. वसाहत नसती तर ताई आमदार असती.
तीनदा बेरीज केली. तेच.

११ मार्च
भावजींना गाठलं. ताईच्या निवडणुकीचे आकडे तेच सांभाळतात. त्यांना सगळं ठाऊक! “निकाल लागला की तिला आकडे बघवत नाहीत. मीच सांगतो, वसाहत आपलीच, बाकीच्यांनी दगा दिला. काय बोलणार? तूही गप्प बस.”
गप्प बसलो तर ती हरकत घेणार, वसाहत परत आणणार आणि परत पडणार. चौथ्यांदा पडली तर उठायची नाही.

१३ मार्च
सांगितलं. चूकही आणि आकडेही. टेबलावर अर्जाचं पाकीट होतं, वर पत्ता लिहून तयार. ताईने मी नेलेला आकड्यांचा कागद दोनदा वाचला. “एकोणीस? अरे, माझ्या हातावर जन्मलेलेच तीनशे असतील तिथे.” भावजी खिडकीकडे बघत होते. तिने मला जेवायला वाढलं, स्वतः जेवली नाही. मी फार वाईट माणूस आहे असं वाटत राहिलं.

१५ मार्च, शुक्रवार
पाच वाजले. हरकतींची पेटी उघडली. सोळा अर्ज. ताईचा नाही. वसाहतीतूनही एक नाही.
मसुदा आता कायम होणार, माझ्या चुकीसकट. ताई या वेळी नक्की निवडून येणार. आनंद झालाय आणि त्या आनंदाची लाज वाटतेय.

२ एप्रिल
अंतिम नकाशा लागला. ताई फोन उचलत नाही.

११ एप्रिल, गुरुवार
ताईने उमेदवारीचा अर्ज भरला – वसाहत गेली त्या शेजारच्या मतदारसंघातून! भावजी डोकं धरून बसलेत. “इथे तू निवडून येणार होतीस!” मी फोनवर ओरडलो.
“माहीत आहे,” म्हणाली. “पण त्यांनी मला मत का दिलं नाही, ते मला एकेकाच्या दारात उभं राहून विचारायचंय.”