दोन अमृतराव आणि एक इंग्रजी शब्द

मु. तामसी, जि. आदिलाबाद
ता. १८ एप्रिल १९८२

चुलतबंधू अमृतराव यांस बाबारावचा मायेचा जयभीम. जबलपूरची हवा, वहिनीचे गुडघे आणि तुमचा खोकला ताब्यात असावा. इकडे मी आणि द्वारकाबाई भांडत-भांडत खुशाल आहोत.

काल तुमचे कार्ड मिळाले. आमच्या पोरीच्या, सुगंधाच्या लग्नाला येता, बावीस वर्षांनी तामसीत पहिल्यांदा पाय ठेवता, हे वाचून आनंद झाला आणि लगेच घाम फुटला. कारण मागच्याच महिन्यात तुम्ही आमच्याकडे आठ दिवस राहून गेलात.

झाले असे. बस स्टँडवर एक माणूस दिसला. नाक थेट आपल्या आज्याचे. मी ओरडलो, "अमृता, तूच का रे?" तो जरा थांबून म्हणाला, "हो जी." "जबलपूरहून आला?" "हो जी." "आजीनं पळी मारली होती, तिची खूण कुठं गेली?" "बुजली जी." बिचाऱ्याला खोटे रचायची मेहनतच पडली नाही, सगळे मीच पुरवले.

मी शाळेत शिपाई असताना रद्दीतून वाचवलेल्या डिक्शनरीचे रोज एक पान वाचतो (हे तुम्हाला सांगितले, की त्याला?). आज तीत 'कझन' निघाला, चुलतभावाच्या 'कझिन'सारखाच ऐकू येणारा. फार जुना शब्द, अर्थ फसवणे. मूळ पक्के कोणालाच ठाऊक नाही. काही विद्वान म्हणतात, नाते सांगून पाहुणचार उपटणाऱ्या चुलतभावावरून आला. काही म्हणतात, घोड्यांच्या दलालावरून. (आपल्या बैलबाजारातले दलाल आठवले की तेही पटते.) मला पहिलेच खरे वाटते. म्हणजे साहेबाच्या मुलखातही कोणी द्वारकाबाई परक्यासाठी भाकरी थापून राह्यली होती!

पण ऐका. बोथचे यशवंतराव आपल्या मुलासाठी पोरीला पाहून तीन महिने नुसते 'कळवतो' म्हणत होते. हा पाहुणा माझ्यासोबत बोथला आला, तिथे तीनदा वांग्याची भाजी मागून घेतली आणि म्हणाला, "पोरगी काऊन अडवून ठेवता जी? नको असंल तर तसं सांगा, दुसऱ्या घरी जेवायला जाऊ." यशवंतराव पोट धरून हसले आणि होकार देऊन बसले. वर म्हणाले, "असा काका ज्या घरात, तिथली पोरगी डोळे झाकून." आता मांडवात दुसरा अमृतराव उगवला तर आम्ही लबाड ठरू आणि पोरीचे लग्न मोडेल.

तुमचा
बाबाराव

ता.क. तेव्हा जरूर या, पण केशवराव होऊन या. द्वारकाबाईच्या माहेरचे म्हणून सांगू.

ता.क. येताना रेशनकार्ड आणा. राग नको, पण तुमचे अक्षर तरी मी कुठे ओळखतो?

ता.क. सुगंधाने पत्र वाचले आणि हसत सुटली. म्हणते, "आबा, मी तर चहा देतानाच ओळखलं, हा काका नव्हे; नावानं हाक मारली तर वळलाच नाही. होकार आला तसं बोथला खरं कळवलं." यशवंतराव रागावले नाहीत, उलट त्यांनी त्याला हुडकूनही काढले. देवाजी नाव, बेल्लमपल्लीला चहा विकतो. पहिली पत्रिका त्यालाच गेली. तुम्ही आता आपल्याच नावाने या. फक्त पंगतीत व्याह्याच्या शेजारी तो बसणार आहे, तुम्ही वाढायला घ्या.