टोपीसकट माप

सिएटल, १० जानेवारी १९९६

ती. आईस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. नातवाच्या अंघोळीचं वर्णन दीड पान आणि माझी चौकशी दोन ओळी, हे लक्षात आलं बरं का! सोनलताईच्या बाळंतपणासाठी नागपूरहून जर्सी सिटीपर्यंत आलीच आहेस, तर धाकटीकडेही एक चक्कर टाक.

मी लॅबमध्ये दिवसभर काय करते, असं विचारलंस. सध्या हॅमस्टरची पिलं सांभाळते. उंदराच्या जातीचा, गालांत दाणे साठवणारा हा प्राणी. एक दिवसाच्या पिलांना आम्ही गालगुंडाचा विषाणू दिला. पिलं मजेत दूध पीत होती, वाटलं काहीच झालं नाही. तीन-चार आठवड्यांनी मात्र डोकी फुगायला लागली. मेंदूतल्या पोकळ्यांचं अस्तर विषाणूने खरवडलं, पाणी जायची बारीकशी वाट बुजली आणि ते आतच साचलं. ती बुजलेली वाट मायक्रोस्कोपखाली सापडली तेव्हा आनंद झाला, आणि पिलांकडे बघून वाईटही वाटलं.

प्रफुल्ल भाऊजींना जय भीम, बाळाला पापा. लोभ नातवाला देऊन उरेल तेवढा पाठव.

तुझी,
जागृती

जर्सी सिटी, २६ जानेवारी

चि. जागृतीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र सोनलच्या नकळत लिहिते आहे. उलट फोन करू नकोस. फोन हॉलमध्ये आहे आणि ती दिवसभर तिथेच असते. पत्रपेटीची किल्ली माझ्याकडे आहे.

प्रफुल्लरावांना बारा तारखेला गालगुंड झालं. आता ते बरे आहेत. पण गाल सुजण्याआधी दोन दिवस बाळ त्यांच्याच खांद्यावर होतं. बाळाला ताप नाही, दूधही नीट पितं. पण तुझी पिलंही दूध पीतच होती ना? तुझं ते पत्र वाचल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

मी रोज गुपचूप डोकं मोजते. बाळ झोपलं की टोपडं न काढताच टेप फिरवते, उगाच झोपमोड नको. तेरा तारखेला अडतीस सेंटिमीटर होतं. काल चाळीस भरलं. बारा दिवसांत दोन! इथे थंडी इतकी वाढली की मलमलीच्या टोपड्यावर भागेना, परवाच लोकरीची जाड कानटोपी विणून घातली. ओली बाळंतीण पोर माझी, सोनलला कसं सांगू?

काय ते खरं खरं कळव. तुझ्या उत्तराकडे डोळे लागले आहेत.

आई

सिएटल, ३० जानेवारी

ती. आईस,
सविनय जय भीम.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा फोन उचललाही. मग पत्र पुन्हा वाचलं आणि कानटोपी दिसली!

आई, तीस वर्षं सातवीला गणित शिकवलंस ना? लोकर तीन मिलिमीटर जाड धर. व्यास सहाने वाढला, तर परीघ किती वाढतो? जवळजवळ दोन सेंटिमीटर. बाळाचं डोकं नाही, तुझं विणकाम वाढलं आहे.

आणखी ऐक. त्या पिलांच्या थेट मेंदूत आम्ही विषाणू टोचला होता, आणि त्यांच्या आयांना कधी गालगुंड झालेलं नव्हतं. ताईला झालं होतं. ती तिसरीत असताना तूच आम्हा दोघींचे गाल गेरूने रंगवले होतेस, आठवतं? तिच्या रक्तातलं संरक्षण बाळाला पोटातच मिळालेलं असणार. रोज टाळूवर तेल घालतेस, तेव्हा ती फुगलेली, ताठ लागते का? लागली असती तर सगळ्यात आधी तुझ्याच हाताला कळलं असतं.

तरी नुसत्या माझ्या शब्दावर राहू नकोस. ताईला आजच सांग आणि बाळाला डॉक्टरांना दाखवा. चूक माझीही आहे. घरात तान्हं मूल असताना पत्रात असलं लिहायला नको होतं. रागवायचं तर रागव, पण लगेच कळव.

तुझी,
जागृती

जर्सी सिटी, ५ फेब्रुवारी

चि. जागृतीस,
अनेक आशीर्वाद.

बाळ ठणठणीत आहे! आधी हे वाच आणि श्वास सोड.

तुझं पत्र हातात घेऊन सोनलसमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. ती आधी हसली, मग रडली, मग उठून लंगोटांच्या कप्प्यातून एक वही घेऊन आली. तीत तारखा आणि आकडे. मी तांदळाच्या डब्यात लपवलेलं तुझं पहिलं, पिलांचं पत्र तिने केव्हाच वाचलं होतं! मी अंघोळीला गेले की तीही डोकं मोजायची. आईचं बीपी वाढेल म्हणून मला बोलली नाही. तिने मोजलं ते मात्र उघडं डोकं, आणि बारा दिवसांत वाढ जेमतेम अर्धा सेंटिमीटर. टेप रोज जागा बदलते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तरी काल दवाखान्यात गेलोच. डॉक्टरीणबाईंनी टाळूवरून बोट फिरवलं, सगळं छान आहे म्हणाल्या. मग टेप काढली आणि बाळाच्या कपाळाशी नेली, तशा आम्ही दोघी एकदमच मराठीत ओरडलो, की आधी टोपी काढा! बाईंना मराठीचं अक्षर येत नाही, पण त्यांनी टोपी काढली.

रात्री पोटभर जेवले. पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येते. लोभ आहेच, फक्त तो मोजू नये.

तुझी,
आई